सायलेन्सर चिरडला, पण गाडीला काय बसवलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्कश आवाजाचे म्हणून पोलिसांनी दुचाकींवरून जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवल्याचे फोटो वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. या कारवाईला माझा विरोध नाही. नाशिकच्या त्र्यंबक रोडला सिव्हिल हॉस्पिटलसमोरून रात्री फटाके फोडत जाणारी बुलेट मला मेकॅनिक असूनही सहन होत नाही. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो आणि तिथं रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. पण माझं गॅरेज नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळ आहे, त्यामुळे रोलर फिरल्यानंतर काय होतं तेही मी बघतो.

क्लासिक, जावा, सीबी ३५० अशा जुन्या धाटणीच्या गाड्या घेणारी मुलं बाहेरचा सायलेन्सर बसवतात, तेव्हा कंपनीचा काढलेला बहुतेक वेळा घरी नेतच नाहीत. तो दुकानातच राहतो, नाहीतर भंगारात जातो. ज्या मॉडेलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, सायलेन्सरच्या पोटात असतो, त्याला भंगारात भाव जास्त, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. मग नाक्यावर गाडी अडली, दंड झाला, पाइप जप्त झाला, की मुलाकडे परत बसवायला काहीच नसतं. कंपनीचा नवा परवडत नाही. तो आणखी स्वस्तातला, बाजारात ‘इंदोरी’ किंवा ‘पंजाब’ नावाने मिळणारा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणतो आणि त्याची गाडी आधीपेक्षा जास्त ओरडायला लागते.

मुलांना हवा असतो तो जुन्या बुलेटचा ठोका. ती हौस मला पटते, मी त्याच आवाजात वाढलो. पण तो ठोका मोकळ्या पाइपमुळे नव्हता. जुन्या ३५० चा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०, जड फ्लायव्हील, एकच सिलिंडर. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची गती, इतकं खाली आणता यायचं की दोन ठोक्यांमधली उसंत कानाला कळायची. आताचं इंजिन ७२ बाय ८५.८ चं, पेट्रोल इंजेक्शनवर चालणारं. आयडलिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, सांभाळतो, ते हजार आरपीएमच्या आसपास राहतं. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला आठेक ठोके. सायलेन्सर कुठलाही लावा, ही लय बदलत नाही, फक्त आवाज चढतो. "काका, जाळी काढून द्या ना, पिकअप वाढेल," असं येणारा प्रत्येकजण म्हणतो. जाळी म्हणजे सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी भोकांची नळी. नुसती जाळी काढून पिकअप वाढत नाही, उलट खालच्या गिअरमधला दम जातो आणि कसारा घाट चढताना ते कळतं. मी जाळी काढून देत नाही.

याचा अर्थ बाहेरचा प्रत्येक सायलेन्सर वाईट, असा नाही. आत नीट जाळी, तिच्याभोवती ग्लासवूल (आवाज शोषणारी काचेची लोकर), सांध्याला नवी गॅस्केट (हवा न गळू देणारी चकती), वजन इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपवर न टाकता फ्रेमच्या ब्रॅकेटवर घेतलेलं, असा पाइप मूळच्या आवाजाच्या जवळपास राहतो. गॅस्केट जुनीच ठेवली तर सांध्यातून हवा आत ओढली जाते आणि थ्रॉटल सोडला की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपमध्ये पेटतं. रस्त्यावरचे कितीतरी फटाके असे निव्वळ कच्च्या कामामुळे वाजतात.

१७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यात ८० डेसिबलची मर्यादा लागते, पण ती चालत्या गाडीची, साडेसात मीटरवरून मोजलेली. नाक्यावर तसं मोजणं शक्य नाही. पण गाडी उभी करून, पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत मीटर धरून मोजता येतं. पोलिसांनी तसं मोजावं आणि आकडा पावतीवर लिहावा. नुसत्या कानाने ठरवलं की चांगलं काम करून घेणारा आणि नंगा पाइप लावणारा एकाच मापात मोजले जातात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो जरूर करा, पण गाडी सोडताना कंपनीचा सायलेन्सर बसवल्याशिवाय सोडू नका, त्यासाठी मुलाला चार दिवस द्या. आणि वाहतूक शाखेने मूळ पार्ट ठेवून घेणाऱ्या दुकानांच्या काउंटरवरही जावं. सिंहस्थाच्या गर्दीआधी हे सुरू झालं, तर बसवून देण्याच्या कामात आम्ही गॅरेजवाले मजुरी कमी करायला तयार आहोत. माझ्यापुरतं मी आत्ताच सांगतो, मूळ सायलेन्सर परत बसवायला आणणाऱ्याकडून मी फक्त गॅस्केटचे पैसे घेईन.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक, द्वारका, नाशिक