घरट्याचे फोटो छापणं बंद करा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही तिबोटी खंड्याचा अर्धं पान भरून फोटो छापलात. चोचीत बेडूक, मागे दरडीतलं बीळ, आणि खाली गावाचं नाव, तेही वाडीसकट. फोटो सुंदर होता त्यात वादच नाही, पण तो छापायला नको होता असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र.

आमचं घर दापोली तालुक्यात, मागे नारळ-सुपारीचं आगर आणि आगराला लागून पऱ्या, म्हणजे छोटा ओढा. तिबोटी खंड्या आमच्याकडे पावसाबरोबर येतो, चिमणीपेक्षाही लहान, जांभळा-नारिंगी-पिवळा, एकदा बघितला की माणूस वेडाच होतो. नर-मादी दोघं मिळून पऱ्याच्या मातीत बीळ कोरतात, मग अंडी उबवायला अडीच-एक आठवडे आणि पिल्लं बाहेर यायला पुन्हा जवळपास तेवढेच, हे सगळं ऐन पावसात. पिल्लांना पाली, सापसुरळ्या, छोटे बेडूक, खेकडे, कोळी असं काय काय आणून घालतात. पडवीत बसून दुर्बिणीतून बघत राहिलं तर एक गोष्ट लक्षात येते, सापसुरळी स्वतःला खायची असेल तर तिचं डोकं आपल्या घशाकडे करतो आणि पिल्लाला द्यायची असेल तर डोकं बाहेरच्या बाजूला ठेवतो, म्हणजे पिल्लाला ती डोक्याकडून सरळ गिळता यावी. एवढासा जीव पण किती विचार!

यंदा जुलैमध्ये शेजारच्या वाडीतल्या बिळाचं लोकेशन कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि मग लागली की रांग. सकाळी उजाडायच्या आत गाड्या, ट्रायपॉड, मोठमोठ्या लेन्स. बिळावर लोंबणारे नेचे कापून टाकले कारण फोटोत मध्ये येतात, समोर एक वाळकी फांदी रोवली कारण पक्षी तिच्यावर बसला की बॅकग्राउंड छान मिळतं, वर मोबाईलवर त्याचाच आवाज लावायचा. आवाज ऐकला की त्याला वाटतं दुसरा कुणीतरी आपल्या हद्दीत शिरला, तो हातातलं काम सोडून त्याला शोधत बसतो. मी स्वतः बघितलंय, चोचीत सापसुरळी आडवी धरून मादी समोरच्या सुपारीवर बसून राहिली, माणसं हलेनात म्हणून बिळात जाईना. तिथे पिल्लं उपाशी. आणि नेचे गेले की बीळ उघडं पडतं, धामण, मुंगूस, भारद्वाज यांना आयती वाट सापडते. हे नुकसान फोटोत दिसत नाही, म्हणून घेणाऱ्यालाही वाटतं की आपण काही वाईट केलं नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी डिस्टर्ब करणंसुद्धा येतं. हे किती फोटोग्राफरना माहीत असतं देव जाणे. पण पेपरने तरी असा फोटो बक्षीस दिल्यासारखा छापू नये ना, कारण एक फोटो छापून आला की पुढच्या पावसात आणखी दहा जण तसाच काढायला येतात.

कुणी म्हणेल मग फोटो काढायचेच नाहीत का? जरूर काढा, मीही काढतो, आणि त्यासाठी कुणाच्या घरट्यापाशी जायची गरजच पडत नाही. आमच्या आगराच्या कडेला पांगारा आहे, फेब्रुवारीत त्याची पानं झडून नुसती लाल फुलं उरतात आणि मग एकाच झाडावर शिंजीर, बुलबुल, कोतवाल, पर्णपक्षी, नशीब असेल तर भोरड्यांचा अख्खा थवा, सगळे उघड्या फांद्यांवर, उजेड समोरून. उंबर पिकला की तांबट आणि हरियाल येतात (हरियाल आपल्या राज्याचा पक्षी, पण कित्येकांनी तो बघितलेलाच नसतो). उन्हाळ्यात न्हाणीच्या मागे पसरट मातीचं भांडं ठेवायचं, पाणी दोन बोटं खोल, रोज घासून बदलायचं, आणि आपण पडवीत खांबाआड गप बसायचं. दयाळ येतो, आधी काठावर बसून शेपटी वर-खाली करतो, चारी बाजूंना बघून घेतो आणि मग आत उतरून असा काही पाणी उडवतो की बघत राहावं. चारशे मिलिमीटरची साधी झूम लेन्स पुरते, फ्लॅश लागत नाही, आणि पक्षी आपल्या मर्जीने आलेला असतो त्यामुळे फोटोतही तो निवांत दिसतो, घाबरलेला नाही. मला तर हेच फोटो जास्त आवडतात.

५ नोव्हेंबरपासून पक्षी सप्ताह आहे, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तेव्हा तुम्ही वाचकांकडून फोटो मागवालच. त्या चौकटीत एवढं ठळक टाका की घरट्याचे, अंड्यांचे, घरट्यातल्या पिल्लांचे फोटो घेतले जाणार नाहीत, आणि विणीच्या पक्ष्याच्या फोटोखाली फार तर जिल्ह्याचं नाव द्या, गाव-वाडी नको. पांगाऱ्यावरचे आणि पाण्यावरचे माझे फोटो मी नक्की पाठवीन.

आपला नियमित वाचक,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी