ओव्हरहॉल किटमधील सदोष लायनर बदलून न दिल्याबाबत व दुरुस्तीची माहिती नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
सुटे भाग व ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी मुंबईतील देवनार गावठाणात राहतो. माझ्या मालकीचा एकच ट्रक आहे, तो आपल्या कंपनीचा, 2018 मॉडेलचा, बीएस-4 मानकाचा आणि सहा सिलिंडरांचा असून तो मी स्वतः चालवतो. न्हावा शेवा आणि नाशिक यांच्या दरम्यानच्या मालवाहतुकीवर माझे घर चालते. या ट्रकच्या इंजिनासाठी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतलेल्या ओव्हरहॉल किटमधील, म्हणजे इंजिन खोलून नव्याने बांधण्यासाठीच्या भागांच्या संचातील, सहापैकी एक लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली चालतो ती सिलिंडरची नळी) सदोष निघाला. तो बदलून देण्यास आधी विक्रेत्याने आणि नंतर आपल्या विभागीय कार्यालयाने नकार दिला, आणि इंजिनाचे काम मी अधिकृत वर्कशॉपमध्ये न करता घरी करत आहे एवढेच कारण त्यासाठी दिले. हे कारण मला मान्य नाही.

इंजिन गेल्या पावसाळ्यापासून ऑइल खाऊ लागले होते, ब्रिदरमधून (इंजिनातील वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सतत धूर येत होता आणि कसारा घाटाच्या चढावर गाडीत दम उरला नव्हता. कॉम्प्रेशन तपासल्यावर फुल इंजिन काम करण्यावाचून पर्याय नाही हे स्पष्ट झाले. अधिकृत वर्कशॉपने दिलेल्या अंदाजपत्रकात मजुरीचा आकडाच माझ्या आवाक्याबाहेरचा होता, शिवाय गाडी नंबर लागेपर्यंत उभी राहणार होती. मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केलेला आहे आणि ट्रक घेण्यापूर्वी अनेक वर्षे गॅरेजमध्ये इंजिने खोलली आणि बांधली आहेत. त्यामुळे घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम स्वतः करण्याचा निर्णय मी पूर्ण विचाराने घेतला.

घरी काम करणे म्हणजे उघड्यावर ठोकाठोक करणे, असा समज आपल्या कार्यालयातील बोलण्यातून जाणवला, म्हणून काम कसे झाले तेही लिहितो. हेड चेन कप्पीने उतरवले, प्रत्येक बेअरिंग कॅपवर खूण करून ती त्याच जागी परत बसेल अशी ठेवली, आणि मुंबईच्या दमट हवेत ब्लॉकच्या मशिन केलेल्या पृष्ठभागावर एका रात्रीत गंज धरतो म्हणून तो ऑइल लावून प्लास्टिकखाली झाकून ठेवला. ज्या कामाला यंत्र लागते ते यंत्र असलेल्या माणसाकडेच दिले: क्रँकशाफ्ट लेथवाल्याकडे मोजून 0.25 मिलिमीटर अंडरसाइझला, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा बारीक, ग्राइंड करून घेतला, हेडचे तोंड सरफेस ग्राइंडिंग करून घेतले आणि इंजेक्टर कॅलिब्रेशन करणाऱ्याकडे पाठवले. या सर्वांची बिले माझ्याकडे आहेत.

आता मूळ दोषाकडे येतो. आपले तंत्रज्ञ जाणतातच की या इंजिनाचे लायनर ओले आहेत, म्हणजे त्यांच्या भोवती थेट कूलंट फिरते, आणि प्रत्येक लायनरची वरची कॉलर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर राहावी लागते. ती वर राहते म्हणूनच हेड कसल्यावर गॅस्केटची धातूची रिंग तिच्यावर घट्ट दाबली जाते आणि ज्वलनाचा वायू अडतो. मी ब्लॉकमधील सर्व बैठका कार्बन काढून साफ केल्या, ओ-रिंग (कूलंट अडवणाऱ्या रबरी रिंग) न घालता लायनर बसवले, पट्टीने दाबून धरले आणि डायल गेजने (अतिसूक्ष्म फरक मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्येकाची उंची चार ठिकाणी मोजली. पाच लायनर 0.07 ते 0.09 मिलिमीटर वर होते. चौथ्या सिलिंडरचा लायनर मात्र चारही ठिकाणी जेमतेम 0.02 मिलिमीटर वर होता.

दोष ब्लॉकच्या बैठकीतही असू शकतो, म्हणून मी लगेच कोणताही निष्कर्ष काढला नाही. चौथ्या सिलिंडरमधील लायनर काढून दुसऱ्यात घातला आणि दुसऱ्यातला चौथ्यात घातला. मोजले तर चौथ्या सिलिंडरची उंची 0.08 झाली आणि दुसऱ्याची 0.02 वर आली. म्हणजे कमतरता लायनरबरोबर फिरली, ब्लॉकमध्ये राहिली नाही. त्यानंतर मायक्रोमीटरने सहाही कॉलरची जाडी मोजली, तेव्हा याच एका लायनरची कॉलर इतरांपेक्षा सुमारे 0.06 मिलिमीटरने पातळ असल्याचे दिसले. हा फरक केसाच्या जाडीएवढा आहे हे मला मान्य आहे, पण डिझेल इंजिनात तेवढाच पुरतो. असा लायनर घालून हेड कसले असते तर त्या सिलिंडरचा दाब कूलंटमध्ये शिरला असता आणि गाडी घाटात तापून उभी राहिली असती. कूलंट सिलिंडरमध्ये साचले असते तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकला असता, कारण पाणी दाबले जात नाही.

हा लायनर इंजिनात एक मिनिटही चाललेला नाही. त्यावर पिस्टनची रेघ नाही, ऑइलचा डाग नाही, आतील होनिंगच्या तिरक्या रेषा कारखान्यातून आल्या तशाच आहेत. अशा स्थितीत तो कोणत्या जागेत बसवून पाहिला, शेडमध्ये की वर्कशॉपमध्ये, याने त्याच्या कॉलरची जाडी कशी बदलेल, याचे उत्तर मला कोणीही दिलेले नाही.

विक्रेत्याच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याने मला तोंडी सल्ला दिला की लायनरखाली शिम (पातळ धातूची चकती) टाकून उंची जुळवून घ्या. शिमचा उपयोग ब्लॉकची बैठक झिजल्यावर किंवा मशिन केल्यावर ती उंची भरून काढण्यासाठी असतो. नव्या, पूर्ण किंमत मोजलेल्या लायनरची उणीव झाकण्यासाठी नसतो. शिवाय उंची कमी असल्याचे मान्य केल्याशिवाय असा सल्ला देताच येत नाही. तरीही त्याच विक्रेत्याने लेखी उत्तरात ‘अनधिकृत ठिकाणी बसवणी’ असे लिहून तक्रार बंद केली. किट विकताना ही अट मला कोणी सांगितली नाही, ती बिलावर नाही आणि खोक्यावरही छापलेली नाही.

माझ्या तक्रारीचा दुसरा भाग माझ्या मते पहिल्याहून गंभीर आहे. लायनरची योग्य उंची किती ते किती असावी, पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो त्यानुसार कोणत्या जाडीचे हेड गॅस्केट निवडावे, हेडचे बोल्ट आधी किती टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आणि मग किती अंश फिरवावेत, आणि ताणलेला जुना बोल्ट किती लांबीपर्यंत परत वापरता येतो, ही माहिती मी लेखी मागितली होती. ती केवळ अधिकृत वर्कशॉपसाठी आहे, असे मला कळवण्यात आले. किटबरोबर आलेल्या कागदावर यातला एकही आकडा नाही. इंजेक्टरवर कोरलेला कोड गाडीच्या संगणकात भरण्याचे कामही आपल्या वर्कशॉपच्या लॅपटॉपशिवाय होऊ शकत नाही, असे मला सांगण्यात आले. सुटा भाग पैसे मोजणाऱ्या कोणालाही विकायचा, तो नीट बसवण्याचे आकडे मात्र लपवायचे आणि पुढे भाग फसला की बसवणाऱ्याकडे बोट दाखवायचे, ही पद्धत मला अत्यंत चुकीची वाटते. आकडे मिळाले नाहीत म्हणून माझ्यासारखे ट्रकमालक इंजिन घरी बांधायचे थांबत नाहीत. ते कोणाच्या तरी मोबाइलवरच्या व्हिडिओतला दुसऱ्याच इंजिनाचा टॉर्क लावतात, आणि तो ट्रक मग इतरांच्याच रस्त्यावर धावतो.

भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटारगाडी उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करावी असे म्हटले होते. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, हेही त्यात स्पष्ट केले होते. तो आदेश कार कंपन्यांबाबत होता आणि त्यावर पुढे अपिले झाली, याची मला कल्पना आहे. तरी त्यातील तत्त्व ट्रकला लागू होऊ नये असे कोणतेही कारण मला दिसत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, तेही दुरुस्तीची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचावी याच हेतूने.

ट्रक व्यवसायासाठी वापरला जातो, म्हणून मी ग्राहक ठरत नाही, असे आपल्या कार्यालयातून फोनवर ऐकवण्यात आले. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(7) मधील स्पष्टीकरण कृपया वाचावे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात व्यापारी हेतूची मानलेली नाही. एकच ट्रक स्वतः चालवून पोट भरणारा मालक नेमका याच व्याख्येत बसतो. याच कायद्याच्या कलम 84 नुसार, हानी टाळण्यासाठी वस्तूच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यास उत्पादकावर दायित्व येऊ शकते, याकडेही आपले लक्ष वेधतो.

माझी मागणी अशी आहे की सदोष लायनरऐवजी एकटा लायनर न देता एकाच बॅचचा, कॉलरची जाडी मोजून जुळवलेला सहा लायनरचा संच विनामूल्य द्यावा. वर विचारलेले सर्व आकडे वर्कशॉप मॅन्युअलच्या संबंधित पानांच्या प्रतींसह द्यावेत आणि इंजेक्टर कोड भरून देण्यासाठी नेहमीच्या दराने गाडी स्वीकारावी. आपल्या नकारामुळे ट्रक उभा राहिल्याने बुडालेल्या भाड्याची भरपाई सोबतच्या हिशेबाप्रमाणे द्यावी. ज्या बॅचमधून हा लायनर आला तिची तपासणी करून निष्कर्ष मला लेखी कळवावा, कारण डायल गेज नसलेल्या एखाद्या मालकाने त्याच बॅचचा लायनर आतापर्यंत इंजिनात बसवलेलाही असेल.

आपल्या तंत्रज्ञाने माझ्या शेडमध्ये येऊन मी केलेली सर्व मोजमापे स्वतः करून पाहावीत, त्याला माझी पूर्ण तयारी आहे. ब्लॉक, सहाही लायनर आणि किटचे खोके मी जसेच्या तसे ठेवले आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
(सही)
ट्रकमालक व चालक, देवनार गावठाण, मुंबई

सोबत: किटचे बिल, खोक्यावरील बॅच क्रमांकाचे छायाचित्र, मोजमापांचा तक्ता, लेथ व कॅलिब्रेशनची बिले, विक्रेत्याचे व विभागीय कार्यालयाचे नकारपत्र, बुडालेल्या भाड्याचा हिशेब.