पाचोळा जाळू नका, बागांना द्या

महोदय,

माघ सरत आला की मुंबईत झाडे सांभाळणाऱ्यांचे हाल सुरू होतात. आमच्या मुलुंडच्या गच्चीवर सकाळी तुडुंब पाणी घातलेली मोगऱ्याची कुंडी दुपारपर्यंत कोरडीठाक पडते. छाटणीनंतर मोगऱ्याला याच दिवसांत फुटवे येतात आणि त्यांचे कोवळे शेंडे उन्हाने करपतात. जास्वंदीच्या कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात, म्हणजे पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड आलीच. मुंग्या तिला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. निंबोळी तेल फवारायचे तेही ऊन उतरल्यावरच, नाहीतर पाने भाजतात. मुंबईचा मार्च किती तापू शकतो, हे सांताक्रूझच्या नोंदीत आहेच: 28 मार्च 1956, कमाल तापमान 41.7 अंश.

या उन्हात मातीला हवे असते आच्छादन, आणि नेमका याच दिवसांत पर्जन्यवृक्ष (रेन ट्री), देशी बदाम, पिंपळ यांचा पाचोळा रस्तोरस्ती पडतो. पण तो पेटवला जातो! आमच्या गल्लीत ढीग लावतात तोही पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला टेकून. त्या बाजूची साल पार काळी पडून सुटू लागली आहे. सफाई कामगारांना मी दोष देत नाही. ढीग न्यायला गाडीच येत नसेल, तर त्यांनी तो ठेवायचा कुठे? पण उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच 5 हजार रुपये दंड सांगितला आहे. मोठ्या ढिगाला तो 25 हजार आहे.

एकीकडे हा धूर, आणि दुसरीकडे आपण कुंड्यांसाठी नर्सरीतून कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा विकत आणतो, याची फार चीड येते. पाचोळ्यावर शहरात बाग कशी फुलवायची, हे शेतीतले प्रयोगकर्ते श्रीपाद अच्युत दाभोलकर आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवार’ या गटाने महाराष्ट्राला कधीच करून दाखवले आहे. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने तर कुंडीसाठी सर्वांत उत्तम. बदामाची जाड पाने मात्र चुरून घालावीत, नाहीतर पाणी वरच्यावर ओघळून जाते. चार बोटे थर द्यावा, खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडावी. दुपारची माती हाताला गार लागते आणि पावसाळा लागेपर्यंत खालचा थर काळा, भुसभुशीत होतो.

महापालिकेच्या उद्यान विभागाला विनंती आहे की, फाल्गुन-चैत्रात प्रत्येक विभागात पाचोळ्यासाठी वेगळी गाडी फिरवावी, उद्यानांच्या फाटकाशी तो पोत्यांत भरून ठेवावा आणि हवा त्याला नेऊ द्यावा. उरलेला रस्त्याकडेच्या झाडांच्या आळ्यांत घालावा. आळीच नसतील, बुंध्यापर्यंत सिमेंट असेल, तिथे आधी ते फोडावे. सोसायट्यांनीही आपल्या आवारातला पाचोळा फाटकाबाहेर लोटू नये. आमच्या सोसायटीत मी हा विषय मांडला आहे, पोती मी स्वतः शिवून देणार आहे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई