सही करण्याआधी हे वाचा

सेऊल, रविवार

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

फेसबुकसारख्या ठिकाणी खोट्या नावानं लिहिणाऱ्यांची खाती आधारला जोडा, असं निवेदन तुम्ही सगळे सरकारला देणार, हे काल फोनवर ऐकलं आणि मी गप्प बसले. पाण्याच्या योजनेवरून त्या माणसानं तुमच्याबद्दल जे लिहिलं, ते वाचून मलाही रात्रभर झोप नव्हती. तरी सांगते, सही करू नका.

इथं हे करून झालंय. २००७ पासून कोरियात मोठ्या संकेतस्थळांवर काहीही लिहायचं तर आधी खरी ओळख पटवावी लागे. ऑफिसातल्या एका बाईंनी परवा डबा खाताना कागदी रुमालावर मला ओळख पटवायचा इथला सरकारी क्रमांक कसा असतो ते काढून दाखवलं. तेरा आकडे, पहिले सहा जन्मतारखेचे, सातव्यावरून बाई की पुरुष ते कळतं. जुलै २०११ मध्ये अशा संकेतस्थळांवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती एका झटक्यात चोरीला गेली, त्यात यांचीही. पाच कोटींचा देश, बाबा! "पासवर्ड बदलला, जन्मतारीख कशी बदलू?" म्हणाल्या.

आणि शिवीगाळ थांबली का? २३ ऑगस्ट २०१२ ला इथल्या संविधान न्यायालयानं एकमतानं ती सक्ती रद्द केली. बेकायदा मजकूर फारसा घटलेला दिसत नाही, लोक मात्र परदेशी संकेतस्थळांकडे गेले, असं न्यायालयानंच म्हटलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या पालघरला काय झालं, आठवतं ना? बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाईक केलं, आणि दोघींना अटक. लपून कुणीच लिहिलं नव्हतं.

आणीबाणीत तुम्ही कॉलेजच्या भिंतीवर रात्री पत्रकं चिकटवलीत, आजीनं खळ शिजवून दिली होती. त्या पत्रकांखाली कुणाचं नाव होतं? नव्हतं, म्हणून तर तुम्ही त्या वर्षी परीक्षेला बसू शकलात.

त्या माणसाची रीतसर पोलिसांत तक्रार द्या. त्या एका खात्याची माहिती कायद्यानं मागवता येते, त्यासाठी अख्ख्या गावाची ओळख सरकारदरबारी गहाण टाकायला नको. तक्रारीचा मजकूर मी उद्या पाठवते. दादाला सांगून आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख दिसेल असे. त्यानं पोस्ट पुसली तर हातात काही राहणार नाही.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू