शीशीला जरूर जा, पण काठ बघून या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चीनमधल्या हांगझोऊ शहरालगतच्या शीशी पाणथळ उद्यानावर आलेला लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती. मात्र ‘आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावालाही असेच काही व्हावे’ असे सुचवताना लेखकाच्या डोळ्यांपुढे बोटी, पूल आणि रोषणाई एवढेच होते, म्हणून हे पत्र. चीनमधल्या यीवू शहराच्या घाऊक बाजारात खरेदीला जाणारे व्यापारी इंदुरात बरेच आहेत आणि यीवूहून हांगझोऊ वेगवान रेल्वेने पाऊण तासाच्या आत येते. तिथे एक दिवस मोकळा मिळाला तर काय पाहावे, हेही सांगायला हवे.

पाणथळ जागा जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराखाली जानेवारी २०२५ मध्ये ३१ शहरांना ‘पाणथळ शहर’ अशी मान्यता मिळाली. भारतातून इंदूर आणि उदयपूर त्यात पहिल्यांदाच आले. त्याच यादीत हांगझोऊही आहे, त्यामुळे तुलना होणार आणि व्हावीही. पण ती कशाशी करायची ते आधी ठरवू.

शीशी हे सरोवर नव्हे. सखल दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मत्स्यतळी खणली, निघालेला गाळ मधल्या बांधांवर चढवला आणि बांधांवर तुती, बांबू आणि पर्सिमनची फळझाडे लावली. वर्षअखेरीस तळे उपसायचे, मासे धरायचे आणि तळाचा गाळ झाडांच्या बुंध्याशी टाकायचा, अशी ही पद्धत. तळे उथळ होत नाही, झाडाला खत मिळते आणि बांध मुळांनी घट्ट राहतो. पुढे वस्ती आणि वराहपालन वाढून पाणी नासले. तेव्हा रहिवाशांना हलवून २००५ मध्ये चीनचे पहिले राष्ट्रीय पाणथळ उद्यान उघडले. गावे उठवून केलेल्या संवर्धनाचे कौतुक जपूनच करावे, पण तो वेगळा विषय आहे. सगळे क्षेत्र ११ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. २००९ मध्ये रामसर यादीत गेला तो त्यातला ३२५ हेक्टरचा भाग.

आता जाण्याचे. भारतीय पारपत्राला चीनमध्ये व्हिसामुक्त प्रवेश नाही. तिसऱ्या देशाकडे जाताना मध्ये थांबणाऱ्यांसाठीच्या २४० तासांच्या ‘ट्रान्झिट’ सवलतीतही भारत नाही. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विमानतळ गाठू नये. यूपीआय तिथे चालत नाही. अलीपे हे तिथले पैसे भरण्याचे ॲप निघण्यापूर्वी घरीच उतरवून त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडावे आणि नाव पारपत्रावर जसे आहे त्याच क्रमाने भरावे. आडनाव आधी की नंतर, या घोळात पडताळणी अडकू शकते. परदेशी कार्डाने २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अधिभार नाही, त्याहून मोठ्या व्यवहाराला ३ टक्के लागतो. म्हणून पाच जणांची बोटीची तिकिटे एकाने एकदम काढू नयेत, ज्याने त्याने आपापली काढावीत. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगलचे नकाशे उघडत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र चालतात. रेल्वेचे तिकीट पारपत्राच्या क्रमांकावरच निघते, तेव्हा मूळ पारपत्र जवळ हवे. छायाप्रत चालत नाही. शाकाहारी मंडळींनी शेव-चिवडा बरोबर घ्यावा, हे इंदूरकरांना सांगायची गरज नाही.

मेट्रोच्या ३ क्रमांकाच्या मार्गावर ‘शीशी पाणथळ दक्षिण’ नावाचे स्थानक आहे, चोउजियात्सुन हे मुख्य प्रवेशद्वार तिथून जवळ पडते. मे आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्षाची सुटी टाळावी, कारण तेव्हा बांधांवर पाऊल ठेवायला जागा नसते. जूनच्या मध्यापासून महिनाभर झिमझिम पावसाचे दिवस, पुढे ३५ अंशांवर उकाडा आणि डास. सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर, कारण नळगवताचे तुरे पांढरे झालेले असतात आणि हिवाळी पक्षी उतरू लागतात. प्लमचा मोहोर पाहायचा असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत.

बहुतेक जण दारातूनच बोटीत बसतात आणि तासाभरात बाहेर पडतात. पक्षी बघायचे तर क्रम उलटा करावा. फूती, लूती आणि शोउती या बांधांवरच्या तीन वाटांना तिकीट लागत नाही. फूती दक्षिणोत्तर साधारण सव्वादोन किलोमीटर आहे. सकाळी लवकर, गर्दी जमण्याआधी ती पायी करावी. लिआनहुआथान या भागात पक्षिनिरीक्षणाची सोय आहे, तिकडे दुर्बीण घेऊन जावे. रातबगळे, टिबुकल्या आणि खंड्या सहज दिसतात. आपल्या हळदी-कुंकू बदकाचा पूर्वेकडचा भाऊबंदही असतो. बोट दुपारसाठी ठेवावी आणि जमले तर वल्ह्याची घ्यावी. बॅटरीच्या बोटीचा आवाज कमी असला तरी ती वेगाने जाते आणि काठ नीट पाहता येत नाही. आग्नेय कोपऱ्यातले चीनचे पाणथळ संग्रहालय विनामूल्य आहे, पण सोमवारी बंद. एकच दिवस हाती असेल तर तो सोमवार नसावा.

बोटीतून पाहायचा तो काठ. बऱ्याच ठिकाणी पाइनचे खुंट शेजारी शेजारी ठोकलेले असतात. त्यांच्या मागे गाळ दाबलेला आणि वर नळगवत आणि विलो. खुंटांच्या फटींतून पाणी आत-बाहेर होते, मासोळ्या आणि बेडूक त्यातच दडतात. दहा-बारा वर्षांत खुंट कुजले तरी तोवर मुळांनी काठ धरलेला असतो. खर्चाने हे दगडी भिंतीच्या जवळपासही जात नाही.

सिरपूरच्या संदर्भात कामाचे आहे ते हेच. होळकरांच्या काळातला, शहराच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव, २०२२ पासून रामसर यादीत. क्षेत्र १६१ हेक्टर, आणि भर पावसाळ्यातही खोली जास्तीत जास्त दोन मीटर. हे उथळपण दोष समजून ‘खोलीकरण’ सुचवले जाते. तलवार बदक आणि थापट्या बुडी मारत नाहीत, मान खाली घालून चरतात. त्यांना वीतभर पाणी लागते, फार तर ३० सेंटीमीटर. चिखलात चालत चरणाऱ्या चिखलपायट्या पक्ष्यांना १० सेंटीमीटरही पुष्कळ होते. जेसीबीने सरसकट तीन मीटर खोदले की ही दोन्ही मंडळी जातात आणि उरतात ते बुडी मारणारे पाणकावळे.

काठाचे गणित तर शाळकरी आहे. उतार दहाला एक, म्हणजे दहा मीटरमागे एक मीटर, असेल तर पाणी १० सेंटीमीटर उतरल्यावर एक मीटर रुंदीचा ओला पट्टा उघडा पडतो, विसाला एक असेल तर दोन मीटरचा. हिवाळाभर पाणी हळूहळू ओसरते आणि रोज नवा चिखल चरायला मिळतो. तिथे उभी भिंत बांधली की पाणी कितीही उतरो, पट्टा शून्य. वर फरशी आणि दिव्यांचे खांब आले की रात्री चरणारी बदकेही गेलीच.

गाळाचेही तेच. उपसून पाळीजवळ ढीग लावला तर पहिल्याच वळवात तो तलावात परत येतो. एक तर तो शेतात जावा किंवा शीशीसारखा झाडांच्या मुळांत अडकवावा. रामबाण गवत (पाणकणीस) वाढून पाणी झाकू लागले की उपटायच्या भानगडीत न पडता देठ पाण्याच्या पातळीखाली कापावेत. पोकळ देठातून कंदाला हवा मिळते. ती तुटली की कंद गुदमरतो. पाण्याच्या वर कापले तर दुप्पट जोमाने फुटते. कापलेले गवत आणि जलपर्णी त्याच दिवशी बाहेर न्यावी. काठावर कुजू दिली तर तिच्यातले खत पुन्हा पाण्यातच उतरते आणि पुढच्या वर्षी जलपर्णी आणखी वाढते. वीणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, यातले काहीच करू नये. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी त्याच गवतात आणि पानांवर घरटी करतात.



सिरपूरच्या सुशोभीकरणाचा कोणताही आराखडा पुढे आला, तर रंगीत चित्रांबरोबर काठाचा छेद-नकाशाही पालिकेने जाहीर करावा: उतार किती, पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली पाण्याची पातळी कुठे, दिवे पाण्यापासून किती अंतरावर. तो आपण छापलात तर वाचकांना दहा मिनिटांत मत देता येईल.

आपले,
तलावांवर पक्षिगणना करणारे काही वाचक,
इंदूर