‘आता कापा’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुमचं-माझं नातं म्हणाल तर काहीच नाही. ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला, मी बिचकत मेसेज केला आणि तुम्ही लगेच उत्तर दिलंत. फोनवर आभार मानायला गेले की माझा गळा दाटून येतो आणि तुम्ही “अहो, त्यात काय एवढं” म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. आता विषय बदलता येणार नाही तुम्हाला.

लांबलेल्या आजारपणात आईची अन्नावरची वासनाच उडाली होती. पुढ्यात काहीही ठेवा, दोन घास घेऊन ताट सरकवायची. आणि एक दिवस ती आपणहून म्हणाली, “दालचिनी घातलेली सफरचंदाची पाई खावीशी वाटते गं. वर तो खुसखुशीत चुरा असतो ना, ती.” इतक्या दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं! ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. पण जी रेसिपी घ्यावी तिचं तेच. चुरा वरून सुंदर सोनेरी, आणि सुरी घातली की आत पाणीच पाणी, तळ भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. आई म्हणायची, “छान आहे हो, वास छान आहे.” आणि वरचा चुरा तेवढा वेचून बशी बाजूला ठेवायची.

ज्यांच्याकडे पैसे मोजून बेकिंग शिकले होते, त्यांना विचारलं. उत्तर आलं, ओव्हन बदला. पुन्हा विचारलं, तर बटर चांगल्या प्रतीचं घ्या. त्यानंतर विचारलं तर थेट पुढच्या कोर्सचं वेळापत्रकच आलं. आईबद्दल मी त्या मेसेजमध्ये सविस्तर लिहिलं होतं. त्यावर एक अक्षर नाही. व्हिडिओवाल्यांचं तर विचारूच नका, ‘वरून सोनेरी होईपर्यंत भाजा’ एवढं सांगून सगळे मोकळे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्याशिवाय तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, “आई आता कशा आहेत?” आणि मग म्हणालात, “एक तुकडा उलटा करून तळाचा फोटो पाठवता का?”

तोवर जो तो पाई वरूनच बघत होता. तळ पांढुरका पाहून तुम्ही म्हणालात की ओव्हनचा दोष नाही, बटरचाही नाही, रेसिपीच अर्धवट आहे. सफरचंदाला साखर लागली की ते रस सोडणारच. तर तो रस अर्धा तास आधीच सुटू द्यायचा, वेगळा काढून आटवायचा आणि पुन्हा फोडींत मिसळायचा. रस दाट व्हावा म्हणून घातलेलं कॉर्नफ्लोअर पुरतं घट्ट व्हायला ९५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, तेव्हा वरच्या रंगावर जायचं नाही. अगदी मधोमध रसाचे जाड, संथ बुडबुडे दिसले पाहिजेत. तोवर चुरा लाल व्हायला लागला तर वरून फॉइल सैलसर झाकायचं. साचा खालच्या कप्प्यात, आधीपासून तापलेल्या ट्रेवर ठेवायचा. २०० अंशांवर २० मिनिटं, मग १८० वर आणायचं. प्रत्येक गोष्टीमागचं कारण तुम्ही सांगितलंत, आणि कारण कळलं की हात घाबरत नाहीत.

चुऱ्याचं प्रमाण तर इतकं सोपं होतं की मी दोनदा विचारून खात्री केली. मैदा २०० ग्रॅम, बटर १००, साखर १००. बटर ३२ ते ३५ अंशांला वितळतं आणि तळहाताची ऊब जवळपास तेवढी असतेच, म्हणून फ्रीजमधलं गार बटर फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही तुमची बोटं कॅमेऱ्याजवळ धरलीत. अंगठा तर्जनीवरून हळूच पुढे सरकतोय, मैदा भुरभुर खाली पडतोय, आणि मधूनमधून वाटाण्याएवढे गोळे तुम्ही मुद्दाम तसेच राहू देताय. मसाल्यात दालचिनी सढळ हाताने, जायफळ बेताने आणि लवंगेची पूड चिमूटभरच, “नाहीतर ती सगळ्यांवर कुरघोडी करते” असं तुम्ही बजावलं होतंत.

पण ताई, हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये.

त्या दिवशी पाई ओव्हनमधून निघाली तेव्हा संध्याकाळ झाली होती. घरभर वास सुटला होता. आई उशीला टेकून बसली होती आणि सारखी म्हणत होती, “काप की आता.” तेवढ्यात तुमचा मेसेज आला, “अजून कापू नका हं.” घट्ट झालेला रससुद्धा गरम असताना वाहतो, तो धरायला तीन-चार तास द्यावे लागतात, हे तुम्ही आदल्या दिवशीच समजावलं होतं. मी आईला तुमचा मेसेज वाचून दाखवला. ती हसली, थांबते म्हणाली. रात्री पुन्हा फोन वाजला. “आता कापा.”

बस, दोनच शब्द. त्या वेळी तुमच्या घरी काय चाललं असेल याचा मी नंतर कितीदा विचार केला. स्वयंपाक, जेवणं, आवराआवर, दिवसभराचा शीण, सगळं तुम्हालाही असणारच. त्या सगळ्यात कुणा परक्या बाईने पाई निवायला ठेवली आहे याचा हिशेब तुम्ही डोक्यात ठेवलात. मी विचारलं नव्हतं, आठवण केली नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं भेटतात, देव त्यांचंही भलं करो. पण उत्तर देऊन झाल्यावरही ज्यांच्या मनातून आपलं काम उतरत नाही, अशी माणसं किती असतात? मला तरी तुमच्याआधी कुणी भेटलं नव्हतं. चांगुलपणाला फार काही लागत नाही असं आपण सहज म्हणतो, पण लागतं हो. लक्ष लागतं, आणि हल्ली तेच कुणी कुणाला द्यायला तयार नसतं.

सुरी घातली, तुकडा अख्खा निघाला. तळ कडक, तांबूस, आणि सुरीचं टोक लागल्यावर कुरकुर असा आवाज. आईने तो संपवला आणि बशी माझ्यापुढे केली. मला वाटलं, उचलून ठेवायला दिली. तर म्हणाली, “आणखी एक दे, कडेचा.”

तिने तुम्हाला खूप आशीर्वाद सांगितले आहेत. आणि पुढच्या वेळी लवंग किंचित जास्त घातली तर चालेल का, हेही तुम्हालाच विचारायला सांगितलं आहे. माझं ती ऐकत नाही. तुम्ही काय ते कळवा.

तुमची,
कायमची ऋणी