बाबांच्या बायपासविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई दुसरेच काहीतरी काढते, म्हणून शेवटी लिहायला बसले आहे. शस्त्रक्रियेची तारीख मी घेऊन ठेवली आहे. संमतिपत्रावर सही बाबांचीच लागेल आणि त्यांचे मन झाले नाही तर तारीख रद्द करता येईल. पण ती घेण्याआधी मी सर्जनना काय काय विचारले आणि त्यावरून मनाशी काय ठरवले, ते तुम्हा दोघांना सविस्तर कळावे अशी माझी इच्छा आहे.

स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकून लगेच घरी येऊ, हे बाबांचे म्हणणे मलाही आधी पटले होते. छाती उघडायची नाही म्हटल्यावर कोणाला बरे वाटणार नाही? मात्र बाबांच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत आणि त्यात इतक्या वर्षांचा मधुमेह आहे. नेमक्या अशाच, म्हणजे मधुमेह असलेल्या आणि एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे असलेल्या १,९०० रुग्णांवर 'फ्रीडम' नावाची चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के होते, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के. एकटा पक्षाघात पाहिला तर तो बायपासनंतर अधिक आढळला, हेही तुमच्यापासून लपवत नाही. सर्जननी ते स्वतःहून सांगितले आणि म्हणूनच त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

आता तुम्ही अण्णांच्या बायपासचे नाव काढणार, हे मला ठाऊक आहे. अण्णांच्या वेळी सगळे ग्राफ्ट, म्हणजे अडथळा ओलांडून रक्त नेण्यासाठी जोडलेल्या वाहिन्या, पायातल्या शिरेचे होते आणि बाबांच्या बाबतीत मुख्य फरक तिथेच आहे. पायातली शीर कमी दाबाखाली रक्त वाहून नेण्यासाठी घडलेली असते. तिला अचानक हृदयाजवळ नेऊन धमनीच्या दाबाखाली ठेवले की तिचे अस्तर दुखावते. शिवाय ती हृदयाच्या वाहिनीपेक्षा बरीच रुंद असल्यामुळे तिच्यातले रक्त संथ वाहते. रक्त भिंतीला घासून वेगाने वाहत राहिले तरच आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे वाहिनी मोकळी व गुळगुळीत राहते. प्रवाह मंदावला की अस्तर जाड होऊ लागते. म्हणून शिरेच्या ग्राफ्टमध्ये पहिल्या महिन्यात गुठळीची भीती असते, वर्षभरात अस्तर जाड होण्याची आणि त्यानंतर चरबीचे थर साचण्याची. दहा वर्षांनी शिरेचे साधारण निम्मेच ग्राफ्ट चांगल्या स्थितीत उरतात.

छातीच्या हाडामागून जाणारी डावी धमनी मात्र वेगळ्याच जातीची आहे. तिचे वरचे टोक मूळ जागीच राहते, खालचे टोक सोडवून हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला जोडतात. तिचे अस्तर मुळातच नायट्रिक ऑक्साइड अधिक बनवते आणि तिच्यात चरबी सहसा साचत नाही. दहा वर्षांनंतरही असे सुमारे नव्वद टक्के ग्राफ्ट वाहते असतात. क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८६ सालीच दाखवून दिले होते की ही धमनी वापरलेले रुग्ण, फक्त शिरा वापरलेल्या रुग्णांपेक्षा अधिक जगतात. बाबांच्या पुढच्या वाहिनीला हीच धमनी मिळणार आहे.

आता ज्या मुद्द्यावर बाबा गेल्या वेळी फोन ठेवून गेले तो मुद्दा, म्हणजे ग्राफ्टसाठी डाव्या हाताची धमनी काढून घेणे. बाबा, घड्याळे दुरुस्त करणारा हात आहे तो, हे मला कोणी सांगायला नको. लहानपणी मला ताप आला की तुम्ही याच हाताने माझे मनगट धरून, उजव्या हातातल्या घड्याळाकडे बघत नाडी मोजायचा आणि आकडा आईला न सांगता आधी मला सांगायचा. पण तळहाताला रक्त दोन धमन्यांमधून मिळते आणि एक काढली तरी दुसरी पुरते की नाही, हे आधी पाहूनच घेतात. तुम्हाला आठवत असेल, सर्जननी तुम्हाला मूठ आवळायला लावली, मनगटाच्या दोन्ही बाजू अंगठ्यांनी दाबून धरल्या आणि मूठ उघडायला सांगितली तेव्हा तळवा पांढराफटक पडला होता. मग त्यांनी करंगळीकडचा अंगठा तेवढा उचलला आणि बघता बघता तळव्यावर लाली परतली. ती तपासणी याचसाठी होती. तुम्ही मात्र त्यांच्या घड्याळाचा पट्टा सैल आहे म्हणून सांगत होता. अंगठ्याच्या बाजूला काही काळ बधिरपणा राहू शकतो, हे खरे आहे. पकड जाण्याची भीती मात्र मनातून काढून टाका. सहा चाचण्यांमधील हजाराहून अधिक रुग्णांची एकत्रित माहिती २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीतही हातातल्या धमनीचे ग्राफ्ट पायातल्या शिरेपेक्षा कमी बंद पडलेले दिसले.

"मग तिन्हीकडे धमन्याच का लावत नाहीत?" हे मी विचारले आणि त्यांनी दिलेले उत्तर मला फार आवडले. धमनीचा ग्राफ्ट रक्ताच्या ओढीवर जगतो. बाबांच्या डाव्या बाजूच्या वाहिनीत नव्वद टक्क्यांच्या वर अडथळा आहे, म्हणून तिथे हातातली धमनी उत्तम चालेल. उजव्या वाहिनीतला अडथळा मध्यम आहे. तिथून अजून बरेच रक्त जाते. जुनी वाट चालू असताना नव्या रस्त्याला वर्दळ राहत नाही, तसे होऊन धमनी आक्रसते आणि दोऱ्यासारखी बारीक होते. शिरेला हा त्रास कमी होतो, म्हणून उजवीकडे पायातली शीर. ती काढताना भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट, न ताणता काढली तर अधिक टिकते. सर्जन त्याच पद्धतीने काढणार आहेत.

ग्राफ्ट जोडल्यावर छाती बंद करण्यापूर्वी ते प्रत्येकातला प्रवाह मोजतात, हेही मी विचारून घेतले. वाहिनीभोवती एक छोटे मोजणीचे उपकरण अडकवतात आणि ध्वनिलहरींच्या साहाय्याने पडद्यावर मिनिटाचा प्रवाह दिसतो. तो २० मिलिलिटरच्या खाली असेल आणि पल्सेटिलिटी इंडेक्स, म्हणजे प्रवाहातल्या चढउताराचा आकडा, ५ च्या वर गेला, तर जोड पुन्हा तपासतात. त्या दिवशीचा चांगला आकडा पुढच्या दहा वर्षांची हमी देत नाही, परंतु जोडातला दोष टेबलावरच सापडणे आणि घरी आल्यावर सापडणे यांत केवढे अंतर आहे!

आई, तुझ्या काळजीचे सगळे मी बघून ठेवले आहे. बाबांची खोली खालीच राहील, खुर्ची हातांवर जोर न देता उठता येईल अशी उंच आणली आहे आणि खोकताना छातीशी धरायला घट्ट उशी ठेवली आहे. हाड जुळेपर्यंत त्यांना भरलेली बादली उचलू देऊ नकोस. शीर काढलेल्या पायावर सूज येईल. बसताना पाय उंचावर ठेवायचा, घाबरायचे नाही.

बाबा, पुढचे तुमच्यासाठी आहे आणि थोडे कडक वाटले तर रागावू नका. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी आता कायमची आहे. बरे वाटते म्हणून ती बंद करायची नाही, कारण शिरेचा ग्राफ्ट बरे वाटत असतानाच आतून भरत जातो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली ठेवायचे. सिगारेटचे पाकीट मी कपाटामागून काढून फेकले आहे, शोधत बसू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाल्यामुळे तिकडची धमनी आता घेता येत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेपर्यंत डाव्या हातातून कोणालाही रक्त काढू देऊ नका किंवा सलाइनची सुई लावू देऊ नका. आई, हे तू पाहायचेस, कारण बाबा समोर येणाऱ्याला नाही म्हणत नाहीत.

रविवारी रात्री फोन करीन. तोवर बाबांनी आपले प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत. "बघू" हे उत्तर या वेळी धरले जाणार नाही.

तुमची लाडकी,
लेक